वखत, वक्तू आणि आक्कांचं ताट

कोल्हापूरला लोक देवीच्या दर्शनाला जातात, चपला आणायला जातात, नाहीतर सरळ मटण खायला जातात. मी गेले ती मुलीकडची म्हणून! आणि मुलगी कुठली? सुराबायाची. म्हणजे इंडोनेशियातल्या जावा बेटावरची. नागपूरच्या बाईनं जावाच्या मुलीची मावशी होऊन कोल्हापूरकरांसमोर पाय दुमडून बसायचं, असा योग माझ्या पत्रिकेत आहे हे माझ्या आईला कळलं असतं तर ती तोंडाला पदर लावून पोट दुखेपर्यंत हसली असती.

थांबा, नीट सांगते. माझ्या नवऱ्याची नोकरी कागद कारखान्यातली. त्यापायी आम्ही काही वर्षं सुराबायात काढली. तिथे शेजारीण होती इबू लेस्तारी. इबू म्हणजे आई. तिकडे कुठल्याही मोठ्या बाईला इबू म्हणतात, आपण काकू म्हणतो तसं. ठेंगणी, गोल, डोक्याला सदा रुमाल, नमाज पाचही वेळची, आणि स्वभाव असा की हसली तर गल्ली गोळा होईल आणि रुसली तर गल्ली रिकामी. तिची एकुलती एक मुलगी रत्ना. हो, रत्नाच! तिकडे मुसलमान घरांतही रत्ना, देवी अशी नावं सर्रास ठेवतात, कुणाला त्यात काही वाटत नाही. रत्ना कापडाच्या गिरणीत डिझाइनं काढते. त्या गिरणीत यंत्रं बसवायला शिरोळचा सुहास गेला, आणि यंत्रं बसल्यावरही त्याचा पाय काही तिथून निघेना. पुढचं तुम्हाला कळलंच असेल.

पोरांचं ठरलं. आपापला धर्म आपण सांभाळायचा, हेही त्यांनी आपसांत ठरवून टाकलं. सुहासच्या घरचे हो म्हणाले. अडलं होतं ते इबूपाशी. तिनं मला फोन केला, "भारतात मी एकट्या तुलाच ओळखते. तू माझ्याबरोबर चल. मी त्यांच्या घरी जेवते, मग सांगते."

"जेवण्यात काय ठेवलंय गं?" मी म्हटलं.

"मुलगा चांगला आहे, ते दिसतंच आहे. पण माझ्या पोरीला त्या घरात सगळ्यांच्या हंडीतलं वाढणार की वेगळं काढून ठेवणार, ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय. वेगळं वाढणार असतील तर मी पोर देणार नाही."

तर अशी मी निघाले, दुभाषी म्हणून, मावशी म्हणून, आणि खरं सांगू? थोडी माझ्या छंदापायीही. लोक नाणी गोळा करतात, मी एक शब्द गोळा करते. वक्त! सुराबायात पहिल्याच आठवड्यात भाजीवालीच्या तोंडून 'वक्तू' ऐकला आणि मी हातातली भेंडी टाकून तिच्याकडे बघतच राहिले. अरबांचा वक्त. जहाजांत बसला, व्यापाऱ्यांबरोबर उतरला, आणि जाईल तिथला होऊन गेला. जावात वक्तू, तुर्कांकडे वकित, आफ्रिकेच्या किनाऱ्यावर वकाती, माझ्या गुजराती शेजारणीकडे वखत, गोव्याच्या मैत्रिणीकडे वगत. आपल्याकडे तो आला इराणी दरबारातून, ही त्याची वेगळी वाट. कुठेही भेटला की परगावच्या स्टँडवर माहेरचा माणूस भेटल्यासारखं होतं मला. नवरा म्हणतो, हिला वेड लागलंय. लागू दे, बाप्पा!

मंगळवार पेठ

मी, इबू आणि रत्ना उतरलो सुहासच्या आत्याकडे, शालनआत्यांकडे. सुहासचे वडील तात्या आमच्यासाठी मुद्दाम शिरोळहून आले होते. पांढऱ्या मिशा, खणखणीत आवाज. हा माणूस कानात बोलला तरी पेठेला ऐकू जावं.

"या पावणं! प्रवास कसा झाला? जेवलासा का?"

सकाळचे सात वाजले होते. आमच्या नागपुरात पाहुण्याला आधी पाणी विचारतात. इथे आधी जेवण विचारतात, मग नाव.

चहा व्हायच्या आतच सुहास आम्हाला दूध प्यायला घेऊन गेला. कोल्हापूरची ही रीत मला फार आवडली. भर रस्त्यात म्हशी उभ्या, गवळी खाली बसून धार काढतोय आणि लोक पेले घेऊन रांगेत. ना तापवणं, ना साखर. इबूनं म्हशीकडे बघितलं, म्हशीनं इबूकडे बघितलं. दोघी सारख्याच गंभीर. मग इबूनं बिस्मिल्ला म्हटलं आणि पेला एका दमात रिकामा केला. वरच्या ओठावर फेसाची ही मोठी मिशी!

"एनाक!" ती म्हणाली.

"काय म्हनल्या?" गवळ्यानं विचारलं.

"झकास म्हणाल्या," मी म्हटलं.

"मग आनी एक घ्या की! लाजताय कशाला?"

तेवढ्यात आमची रत्ना पेला उंच धरून ओरडली, "नाद खुळा!" तिचं सगळं मराठी सुहासकडून शिकलेलं, त्यामुळे तिला 'कृपया' येत नाही पण 'नाद खुळा' येतं. रांगेतल्या माणसांनी शिट्ट्या मारल्या. इबू मिशीसकट हसली. मी मनात म्हटलं, चला, जमलं!

कसलं जमलं? दुपारी सगळं फिसकटलं.

जेवायला बसलो. समोर चकचकीत कोरी ताटं, माझ्या ताटाला तर दुकानाचं कागदी लेबल अजून चिकटलेलं. ताटात अख्खा मसूर, बटाट्याची भाजी, पोळ्या, श्रीखंड. चांगलंच होतं हो, कोण नाही म्हणतंय? पण घरभर वास कसला सुटला होता? मी सावजी रश्श्यावर वाढलेली बाई. भाजलेलं खोबरं, तीळ, कांदा-लसणाची चटणी आणि त्यात शिजणारं मटण, हा वास मला दोन गल्ल्यांवरून कळतो. आणि इथे तो भिंतीपलीकडून येत होता! आतल्या खोलीत ताटं वाजत होती. एकेक पुरुष माणूस आत जायचा आणि नाक ओढत, कान लाल करून बाहेर यायचा. तात्या मिशा पुसत आले आणि म्हणाले, "सावकाश होऊ द्या हां!"

इबू अर्धी पोळी खाऊन उठली. खोलीत गेल्यावर तिनं दार लावलं.

"बघितलंस? नवी ताटं. आपल्यासाठी वेगळी. अन्न वेगळं. आणि त्यांनी आत बसून आपलं आपलं खाल्लं."

"अगं, काहीतरी..."

"काही नाही. बघायचं होतं ते बघितलं. उद्या शिरोळला जाऊ, बोलावलंय म्हणून. मग परत."

रत्ना भिंतीकडे तोंड करून बसली. तिचे खांदे हलत होते. माझा तर असा संताप झाला की विचारू नका. पोरीचा नव्हे, इबूचाही नव्हे, त्या मसुराचा!

शिरोळ

दुसऱ्या दिवशी शिरोळला निघालो. दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये रस्ता, आणि पुढे उसानं लादलेला ट्रॅक्टर. त्याला ओलांडावं तर पुढे आणखी एक. त्याच्या टेपवर गाणं इतकं मोठं की आमच्या गाडीच्या काचा थरथरत होत्या. शालनआत्याही आमच्याबरोबर होत्या. इबू पाठ वळवून बाहेर बघत बसलेली. पण वाटेत एका गुऱ्हाळावरून गुळाचा वास आला आणि तिनं काच खाली केली. तिचे वडील जावात साखर कारखान्यात होते. गाडी थांबवायला लावून तिनं उसाचं कांडं मागून घेतलं आणि दातांनी असं सोललं की गुऱ्हाळवाला म्हणाला, "बाई आपल्यातल्याच दिसत्यात!" हे मी तिला भाषांतर करून सांगितलं. तिनं मान न वळवता कांडं संपवलं.

घरी सुहासची आई आक्का दारात उभी. उंच, काटक, कपाळावर मोठं कुंकू. इकडच्या बायका बोलताना स्वतःला पुरुषांसारखं 'मी येतो, मी करतो' म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं की गंमत वाटते, मग वाटतं की आपणही असंच बोलावं. आक्कांनी इबूचे दोन्ही हात धरले, "या इहीणबाई! कवाधरनं वाट बघतोय मी!" इहीण म्हणजे विहीण. इबू ओठांनी हसली. सोप्यात पुन्हा त्या नव्या ताटांची चळत दिसली. शालनआत्यांनी ती बरोबर आणली होती!

माझा तोल गेला. मी तात्यांना अंगणात गाठलं.

"तात्या, स्पष्ट विचारते. काल आम्हाला मसूर का वाढलात? आत मटण शिजत होतं!"

तात्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "वास आला व्हय तुमास्नी? लई चूक झाली. लपवून करा म्हनलंतं मी. त्यास्नी आमचं चालत न्हाई न्हवं? सुहास म्हनला, हलाल लागतंय. आता परदेशी हलाल आमी कुठनं आणायचं? शिक्का-बिक्का लागत आसंल, डब्यातनं येत आसंल. आन आमचं मटण त्यांच्या नजरंला पडाय नगं, म्हनून आत बसून खाल्लं. आवो, पावण्याला मसूर वाढताना माझ्या घशाखाली घास उतरंना!"

"ते मटण आणलं कुठून?"

"हितनंच, गावातनं. गुलाबकडनं. कोल्हापूरला येताना घिऊन आलतो."

"गुलाब कोण?"

"गुलाब मुलाणी! त्यानं सुरी फिरवल्याबिगर आमच्या घरात मटण शिजत न्हाई. माझा आजा तर म्हनायचा, मुलाण्याचा हात न्हाई लागला तर ते मटण न्हवंच."

मी त्यांना तिथेच थांबवलं. "तात्या, मुलाणी सुरी फिरवताना काय म्हणतो?"

"ते काय त्यांचं बिस्मिल्ला म्हनतोय की..." तात्यांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मग त्यांनी कपाळावर हात मारला, असा की झाडावरचं पाखरू उडालं. "आरं तिच्या! म्हंजे आमी जल्मभर हलालच खाल्लं की!"

अंगणात जो हशा उठला! आक्का पदरानं डोळे पुसत होत्या, सुहास खाली बसला होता, आणि मी माय वो, माय वो करत इबूकडे धावले. तिला सांगता सांगता माझी मराठी आणि इंडोनेशियन यांची खिचडी झाली. ती म्हणाली, "खरं?" मी म्हटलं, "त्यालाच विचार!"

गुलाबचाचा स्कूटरवरून आले. सत्तरीचा माणूस, पांढरी दाढी, डोक्याला टापशी. सलाम झाला, इबूनं सलामाला उत्तर दिलं आणि मला पुढे घालून पोलिसासारखी चौकशी सुरू केली. काल शालनआत्यांकडचं मटण तुम्हीच दिलंत?

"मीच दिलतं की!"

नाव घेऊनच कापता?

"त्याबिगर सुरी हालत न्हाई माझी. माझा बा बी ह्यांच्यात यायचा, आजा बी ह्यांच्यात यायचा."

कधीपासून चालत आलंय हे?

चाचांनी हात हवेत उडवले. "आता त्या वक्ताला कोन हुतं बगायला!"

"वक्तू?" इबू उडालीच. "वक्तू म्हणाले हे?" तिच्याहून जास्त मी उडाले. आक्कांना काही कळेना. "त्यात काय झालं? आमी बी म्हनतो की वखत. वखत आला, वखत गेला. पावणं कुठल्या बी वखताला येऊ द्यात, चूल पेटतीच." मग मी दोघींना सांगितलं की हा एकच शब्द अरबस्तानातून निघून एका वाटेनं तुमच्याकडे आला आणि दुसऱ्या वाटेनं तिच्याकडे गेला. जमाना तिकडे झमान, अखेर तिकडे आखिर, मोसम तिकडे मुसिम. आक्का म्हणाल्या, "मग एवढं सगळं एक हाय तर ह्या बाई काल उपाशी कशापायी ऱ्हायल्या?"

ताटांचं शालनआत्यांनीच सांगितलं. "माझी ताटं लग्नातली. पोचं पडल्यात, कड वाकलीया. परदेशी इहीणबाईस्नी तसल्यात वाढू व्हय? मी आदल्या दिवशी बाजारात जाऊन आणली की!" हे सांगितल्यावर इबू इतकी हसली की रुमाल सुटला. रत्नाही हसली. पण हसून झाल्यावर तिनं आईकडे बघितलं, तेव्हा मला कळलं की अजून हो आलेलं नाही. इबू जेवल्यावर सांगणार होती, आणि जेवण तर आता कुठे सुरू होत होतं.

बकरं आलं, चाचांनी आपलं काम केलं. दुपारची नमाज झाल्यावर शिजवायला घ्यायचं ठरलं. घरामागे चिंचेखाली सतरंजी टाकली. चाचांनी दिशा दाखवली. इबू उभी राहिली आणि तेवढ्यात लाईट आली! शेतीची लाईट काय असते हे शहरात बसून कळायचं नाही. ती कधी येईल, किती वेळ राहील, कुणाला ठाऊक नसतं, म्हणून ती आली की माणूस ताटावरून उठून मोटर चालू करायला पळतो. तात्यांनी आधीच खटका टाकून ठेवलेला. चिंचेशेजारच्या खोलीतली मोटर अशी गरजायला लागली की इबू दचकली.

तात्या पळत गेले आणि त्यांनी मोटर बंद केली. एकदम शांत. मग ते त्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून राहिले, पाटातलं पाणी आटताना बघत.

आक्का कंबरेवर हात ठेवून ओरडल्या, पण आवाज दाबून, "लाईट आसताना मोटर बंद? आवो, माझ्या बाळंतपणात ह्या मानसानं मोटर बंद केली न्हाई! सुहास झाला तवा ह्यो पाणी पाजत हुता!"

नमाज झाल्यावर इबूनं विचारलं, "त्या बाई नवऱ्याला काय बोलत होत्या?" मी सगळं सांगितलं. इबूनं तात्यांकडे एकदा बघितलं. तात्या एव्हाना आत शिरून मोटरचा खटका टाकत होते.

मग स्वयंपाक. अंगणात चूल, चुलीवर मोठा हंडा. एकच! आक्कांनी भाजलं, शालनआत्यांनी वाटलं, मी लुडबुड केली. इबू मात्र कुंपणाशी गेली आणि मूठभर गवती चहा उपटून आणला. पाती ठेचून, गाठ मारून, ती कुणाला न विचारता हंड्यात टाकली.

"आगं बया! च्याची पात मटणात?" शालनआत्या किंचाळल्या.

"जावात असंच करतात," मी म्हटलं.

"ऱ्हाऊ द्या," आक्का म्हणाल्या. "तिच्या लेकीच्या घरचा हंडा हाय, तिनं काय बी टाकू दे."

हे मी भाषांतर करायला विसरले. पण रत्नानं ऐकलं, आणि तिला तेवढं मराठी समजत होतं.

पंगत बसली. शालनआत्यांनी नवं ताट पुढे केलं, इबूनं ते बाजूला सारलं आणि मांडणीवरून एक जुनं ताट ओढून घेतलं. मध्ये खोलगट पोचा, कड वाकडी. "आवं ते माझं हाय!" आक्का म्हणाल्या. इबूनं ते मांडीजवळ घट्ट धरलं. तेव्हा नवं ताट आक्कांनी घेतलं, लेबलासकट. तात्यांनी रस्सा भुरकला, डोळे मिटले. "च्याच्या पातीचा नुसता वास सुटलाय! जगात भारी!" गुलाबचाचांनी मान डोलावली. इबूच्या कपाळावर घाम, नाकात पाणी, तरी हात थांबत नव्हता.

आक्का आडून आडून बोलणाऱ्या नव्हेतच. "मग इहीणबाई? पोरगी देतासा का न्हाई?"

मी विचारलं. इबूनं घास गिळला आणि म्हणाली, "बेलुम वक्तुन्या."

 अजून वेळ झालेली नाही, असा त्याचा अर्थ. सुहासचा हात भाकरीवरच थांबला. रत्ना पांढरीफटक. मी आता हे कसं सांगू म्हणून शब्द जुळवतेय, तर आक्का म्हणाल्या, "वखत न्हाई आला म्हनत्यात व्हय? मग कवा येणार?" मी सांगायच्या आधीच त्यांना कळलं होतं!

इबूनं उत्तर म्हणून रिकामं ताट पुढे केलं आणि हंड्याकडे बोट दाखवलं. आक्कांनी पळीभर वाढलं. तिनं ते खाल्लं. पुन्हा वाढलं, पुन्हा खाल्लं. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते आणि तिचं लक्ष नळीतल्या मगजावर. मला तर तिला एक चिमटा काढावासा वाटत होता.

जेवणं झाली, पान झालं, निघायची वेळ झाली. तिनं चकार शब्द काढला नाही. शालनआत्यांनी सगळी नवी ताटं गाठोड्यात बांधून तिला भेट म्हणून दिली. इबूनं गाठोडं हळूच परत केलं. मग ती मोरीवर गेली, आक्कांचं ते पोचा पडलेलं ताट स्वतः राखेनं घासलं, धुतलं, आपल्या रुमालानं पुसलं आणि पिशवीत घातलं.

"आवं, ते कशाला नेताय? मोडीतलं हाय!" आक्का म्हणाल्या.

इबू माझ्याकडे वळून बोलली. मी सांगायला लागले आणि माझा आवाज असा चिरकला की मलाच ओळखू येईना. "ती म्हणतेय... हे तिच्या मांडणीत ठेवणार आहे. तुम्ही सुराबायाला लग्नाला याल तेव्हा परक्यासारखं नव्या ताटात नाही वाढणार. तुमचंच ताट तिथे असेल."

रत्नानं आईला मिठी मारली, सुहासनं तात्यांना. तात्या मोठ्यानं नाक शिंकरत म्हणाले की रस्सा तिखट झाला होता. आक्का तशाच उभ्या, डोळे भरलेले, आणि मग त्यांचा तो ठणठणीत आवाज अंगणभर घुमला.

"मग तारीख लौकर काढा की! नव्या ताटात मला जेवान ग्वाड लागत न्हाई!"